दार लावल्यावर जॉन जॉन्झ कोणता चेहरा काढून ठेवतो?

रातवा

सुपरमॅनने चष्मा काढला की खाली त्याचाच चेहरा असतो. बॅटमॅनने मुखवटा काढला की ब्रूस वेन दिसतो. अमेरिकन कॉमिक्समधला मंगळवासी सुपरहिरो मार्शन मॅनहंटर, म्हणजे आपला जॉन जॉन्झ, रात्री दार लावून एकटा बसला की काय काढून ठेवतो?

हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलाय. तेव्हा कार्टून नेटवर्कवर जस्टिस लीग, म्हणजे सुपरहिरोंच्या संघाचं कार्टून, लागायचं. घरात भावंडं बॅटमॅनची नाहीतर फ्लॅशची, मी एकटी या हिरव्या, कमी बोलणाऱ्या गड्याची. गेल्या काही वर्षांत त्याचे मिळतील तेवढे जुने-नवे अंक वाचले आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा २२५वा अंक, नोव्हेंबर १९५५. मुखपृष्ठावर बॅटमॅन, आणि आत मागच्या पानांत एक छोटी गोष्ट. लेखक जोसेफ सॅमॅकसन, चित्रकार जो सेर्टा. डॉ. अर्डेल नावाचे म्हातारे शास्त्रज्ञ एक यंत्र चालवून बघतात आणि त्या यंत्राच्या ओढीने मंगळावरचा एक जण थेट त्यांच्या प्रयोगशाळेत येऊन पडतो. त्याला समोर बघून अर्डेलना हृदयविकाराचा झटका येतो. त्याला परत पाठवू शकणारा एकमेव माणूस जमिनीवर मरून पडलेला असतो. मग हा माणसाचं रूप घेतो, आपल्या नावाचं 'जॉन जोन्स' करतो आणि पोलिसात डिटेक्टिव्ह होतो.

मोजून काही पानांची गोष्ट. पण मी तिथे दर वेळी थांबते. पृथ्वीवर आल्यावर त्याला मिळालेला पहिला अनुभव कोणता, तर आपल्याकडे बघून समोरच्याचा जीव गेला. त्याने रूप पालटलं ते या अनुभवानंतर. पुढे तो हजार रूपं घेतो, अदृश्य होतो, भिंतीतून आरपार जातो आणि आपण त्या सगळ्याला 'शक्ती' म्हणतो. मला मात्र त्या पहिल्या रूपांतरात शक्ती दिसत नाही. पुन्हा कुणी दचकू नये म्हणून घेतलेली काळजी दिसते.

आता खरा मुद्दा. आपण ज्याला त्याचं 'खरं' रूप समजतो, म्हणजे हिरवी कातडी, पुढे आलेली कपाळाची कड, निळा झगा, छातीवरचे ते लाल आडवेतिडवे पट्टे, ते मुळात त्याचं रूप नाहीच. १९८८ मध्ये जे. एम. डीमॅटिस आणि मार्क बॅजर यांची चार अंकांची मालिका आली. मंगळवासीयाचं शरीर लांबट, निमुळत्या डोक्याचं, आपल्याला परकं वाटेल असं आहे, आणि लीगमध्ये वावरणारा माणसासारखा हिरवा देह ही तडजोड आहे, हे तिने ठसवलं. म्हणजे जॉन जोन्स डिटेक्टिव्ह हा एक पडदा आणि तो बाजूला केल्यावर दिसतो तो मार्शन मॅनहंटर हा दुसरा. पाहुणे आले की कपाटातली ठेवणीतली साडी काढतात ना, तसं ते रूप आहे. साडी आपलीच, पण रात्री झोपताना कुणी ती नेसत नाही.

तो ज्या मित्रांसाठी जीव द्यायला तयार असतो, त्यांच्यासमोरही तो वर्षानुवर्षं ठेवणीतल्या रूपातच उभा असतो. त्यातल्या कुणी कधी "तू घरी कसा दिसायचास?" असं विचारलं असेल का?

आणि आग. सुरुवातीच्या गोष्टींत आग ही त्याची दुबळी बाजू होती, जशी सुपरमॅनला क्रिप्टोनाइट. पुढच्या लेखकांनी त्यामागे जे उभं केलं ते वाचून मी अंक मिटून ठेवला होता. मंगळावर एक साथ आली, ह्रॉनमीरचा शाप. ती मनातून मनात पसरायची. मंगळवासी एकमेकांच्या मनात राहणारे लोक, तेच त्यांचं बोलणं आणि तीच त्यांची माया. ज्याला लागण झाली तो जिवंत पेटायचा. त्यात जॉनची बायको मायरिया गेली, लहानगी मुलगी किम गेली. जवळ जाणं म्हणजेच लागण. १९९८ पासून जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांनी जी मालिका केली तिच्यात तर ही साथ त्याच्या जुळ्या भावाने, मॅलेफिकने पसरवलेली आहे. आता ज्वाळा दिसल्यावर त्याचा आकार ढळतो, अंग वितळायला लागतं, यात मला शरीराचा दोष वाटत नाही. त्याला घर आठवतं.

त्याच्या शांत स्वभावाबद्दलही हेच. लोक म्हणतात तो थंड आहे. गजबजलेल्या वाड्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एका रात्रीत रिकाम्या माळावर आणून बसवलं तर तोही कमीच बोलेल. कुणाच्याही मनात शिरू शकतो आणि तरी विचारल्याशिवाय शिरत नाही. मी ज्याला सज्जन म्हणेन तो असा.

तुम्हाला काय वाटतं? त्याचा स्वतःचा चेहरा कोणता?

तळमजला

धागा आवडला, पण ठेवणीतल्या साडीची उपमा मला पटली नाही. तुम्ही तिन्ही रूपं एकाखाली एक रचताय आणि सगळ्यात खालचं ते खरं असं धरताय. माणसाचंही असं नसतं. मी शाळेत शिकवतो. वर्गातला मी आणि घरातला मी वेगळे आहोत, पण वर्गातला मी खोटा नाही.

माझ्या मते त्याचं सगळ्यात खरं रूप जॉन जोन्स. हे काम त्याच्यावर कुणी लादलं नव्हतं. जो मनात आणलं तर राजवाड्यात राहू शकतो, तो जुन्या कोटात गल्लीबोळ तुडवत चोऱ्यामाऱ्यांचा तपास करतो. १९६४ मध्ये, डिटेक्टिव्ह कॉमिक्समधून त्याला दुसऱ्या मासिकात हलवताना, कथेत जॉन जोन्स मेला असं दाखवलं आणि तो नुसता हिरवा वीर उरला. ते अंक वाचून बघा, पात्रातला जीवच गेलाय. नंतर त्याला मार्को झेवियर नावाच्या श्रीमंत रंगेल माणसाचं सोंग दिलं, एका गुन्हेगारी टोळीत घुसण्यासाठी. तेही चिकटलं नाही. पुढच्या लेखकांना पुन:पुन्हा जॉन जोन्सकडेच परतावं लागलं.

ओला कागद

वाचतेय. दोघांचंही पटतंय, त्यामुळे अजून कुठल्याच बाजूला नाही.

जुनी पेटी

रातवा, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून एक गोष्ट नीट सांगावीशी वाटते. आज आपण त्याच्याबद्दल जे दुःख गृहीत धरतो ते सुरुवातीला नव्हतं. पन्नास-साठच्या दशकातला जॉन पृथ्वीवर अडकलेला होता, अनाथ नव्हता. त्याच्या मागे मंगळ शाबूत होता, लोक होते.

दोन संदर्भ लक्षात घ्या. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली. पोलिसांबद्दल अनादर वाटेल असं चित्रण नको, हा तिच्यातला एक नियम. पुढच्याच वर्षी परग्रहावरून आलेला पाहुणा सरळ पोलिसात भरती होतो. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या हवेत तो जन्मला. नवा फ्लॅश १९५६ मध्ये आला आणि कॉमिक्सचं रौप्ययुग, म्हणजे सुपरहिरोंचा दुसरा बहर, बहुतेक जण तिथून मोजतात. जॉन त्याच्या वर्षभर आधीचा. १९६० मध्ये जस्टिस लीग पहिल्यांदा जमली तेव्हा पहिल्या सात जणांत तो होताच.

दुसरा संदर्भ खऱ्या मंगळाचा. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि तिथून विवरांनी भरलेल्या ओसाड जमिनीची चित्रं आली. लोक कल्पायचे ते कालवे नाहीत, शहरं नाहीत. १९६९ मध्ये डेनी ओनील यांनी लीगच्या ७१व्या अंकात मंगळावरचं यादवी युद्ध दाखवलं, ग्रह उद्ध्वस्त केला आणि वाचलेल्या लोकांना शोधायला जॉनला लीगमधून बाहेर पाठवलं. १९८४ पर्यंत तो फारसा दिसला नाही. आपण एकटे उरलोय ही त्याची जाणीव खऱ्या अर्थाने १९८८ च्या मालिकेतली. तिथे त्याचा मंगळ दूरच्या भूतकाळात ढकलला गेला, म्हणजे अर्डेलच्या यंत्राने त्याला अंतरासोबत काळही ओलांडून आणलं. परत जायला जागाच उरली नाही.

मला यात एक गोष्ट फार हलवते. आधी खऱ्या जगात मंगळ मेला, मग त्याच्या गोष्टीत मेला.

रातवा

जुनी पेटी, मनापासून आभार. मी नंतरचं दुःख मागे नेऊन पहिल्या गोष्टीवर घातलं होतं, हे मान्य. तरी अर्डेलच्या मरणाचा मुद्दा सोडवत नाही. तो पहिल्या अंकातच आहे.

दूरदेशी

मी अकरा वर्षं बाहेर आहे. सुपरहिरो हा माझा प्रांत नाही, नवऱ्यामुळे काही अंक वाचलेत. पण नावाबद्दल लिहायचंय.

जॉन जॉन्झचं जॉन जोन्स झालं. बघायला गेलं तर जवळजवळ तेच नाव, फक्त इथल्या जिभेला सोपं जाईल असं. इथे पहिल्या नोकरीत साहेबांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या चार अक्षरी नावाची दोन अक्षरं केली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मीही हसून "चालेल" म्हटलं. आज कामावर मला सगळे त्याच नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. ते नाव खोटं नाही, त्या नावाने मी पगार घेतलाय, माणसं जोडलीत. पण दर रविवारी आई फोनवर पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा पाठीचा कणा जरा सैल होतो. आधी तो ताठ होता हे तेव्हाच कळतं.

म्हणून मला वाटतं प्रश्न 'खरं रूप कोणतं' असा नसावा. कोणत्या रूपात त्याला ताण पडत नाही, एवढंच विचारायला हवं. आणि त्याला पूर्ण नावाने हाक मारणारं कुणी उरलेलंच नाही, हे त्याचं दुखणं.

ओला कागद

दूरदेशी, शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसले.

कोवळी उन्हं

इथे मेगनचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. यंग जस्टिस या ॲनिमेटेड मालिकेतली मिस मार्शन, जॉनची भाची. ती लाल केसांची, झऱ्यासारखी बोलकी हिरवी मुलगी बनून संघात येते. सगळ्यांना वाटतं ही तिची तऱ्हाच अशी. पहिल्या पर्वात पुढे कळतं की तिचं ते रूप, तिचं "हॅलो मेगन" म्हणत कपाळाला हात लावणं, सगळं तिने पृथ्वीवरच्या एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या मुलीवरून उचललंय. मुळात ती गोरी मंगळवासी आहे, आणि त्या मालिकेतल्या मंगळावर गोऱ्यांना हिरवे आणि लाल लोक खालचे मानतात. तिने पृथ्वीवर येऊन हिरवा रंग घेतला तो माणसांसाठी नाही. जॉनसमोरही तीच हिरवी.

जॉनने भीती वाटू नये म्हणून रूप घेतलं असेल. मेगनने लाज वाटते म्हणून घेतलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

तिच्याच संघातल्या सुपरबॉयला तिचं गोरं रूप आधीच कळलेलं असतं, दोघांची मनं एकदा जोडली गेली होती तेव्हा. तो बोलत नाही. ती स्वतः सांगेल तेव्हा सांगेल म्हणून थांबतो. मी सतरा वर्षांची असताना हे पाहिलं आणि असं थांबता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

टीव्हीवरून माणूस होणं शिकायची कल्पना जॉनच्याही वाट्याला आलीय, डार्विन कुकच्या २००४ मध्ये पूर्ण झालेल्या न्यू फ्रंटिअर या कॉमिकमध्ये. पन्नासच्या दशकातली संशयाने भरलेली अमेरिका आणि टीव्हीसमोर बसून आपल्याला शिकणारा तो.

कडुनिंब

सगळ्यांचं वाचलं. मी वेगळं बोलतो, राग मानू नका. १९५५ चा जॉन वेगळा, १९६९ चा वेगळा, १९८८ चा तिसराच. १९८७ च्या जस्टिस लीगमध्ये तो ओरिओ बिस्किटांपायी वेडा झालेला. २००८ च्या फायनल क्रायसिसमध्ये पहिल्याच अंकात पेटत्या भाल्याने मारला आणि दोनेक वर्षांत परत जिवंत केला. २०१९ च्या स्टीव्ह ऑर्लँडो आणि रायली रॉस्मोच्या मालिकेत तर तो मंगळावर असताना लाच खाणारा पोलीस होता. प्रत्येक लेखकाने हवा तसा वळवला. ज्याचा इतिहासच दर दहा वर्षांनी बदलतो त्याला कसली ओळख आणि कसला स्वतःचा चेहरा? आपण रिकाम्या भांड्यात आपलंच पाणी ओततोय.

तळमजला

कडुनिंब, २०१९ च्या मालिकेचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून बरं झालं. त्या मालिकेनंतर माझं मत घट्ट झालं. तिथे मंगळावर चारचौघांत धारण करायचं रूप वेगळं आणि अगदी जवळच्या माणसापुढचं वेगळं. म्हणजे मुखवटा पृथ्वीने त्याला शिकवला नाही, तो तिकडूनच घेऊन आला. आणि हा लाचखोर पोलीस घरी नवरा आणि बाप म्हणून जीव टाकणारा. सगळं जळून गेल्यावर तो पृथ्वीवर पुन्हा पोलीसच होतो, आणि या वेळी इमानाने. चुकलेलं काम दुसऱ्यांदा नीट करायला निघालेला माणूस आहे तो. पोलिसातली जोडीदार डायन मीड हिला त्याचं खरं रूप कळतं तेव्हाचा तिचा संताप आणि मग हळूहळू बसलेला विश्वास मला लीगच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटला.

रातवा

कडुनिंब, राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. दोन दिवस त्यावर विचार केला.

मंगळ कशाने संपला याची कारणं दर वेळी वेगळी: यादवी, साथ, जस्टिस लीगच्या ॲनिमेटेड मालिकेत बाहेरून आलेले आक्रमक, सुपरगर्ल या टीव्ही मालिकेत गोरे मंगळवासी. रामाची गोष्टही गावोगाव वेगळी सांगतात, म्हणून राम पुसला जात नाही. मी पाहते ते हे, की कुणीही लेखक आला तरी काही गोष्टी हलवत नाही. तो आगीला भितो. तो दुसऱ्याच्या मनाच्या दाराशी थांबतो. आणि आपलं नाव जवळपास तेच ठेवतो. जगातलं कुठलंही नाव घेता आलं असतं की! नव्वदच्या दशकात त्याची जगभर निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या चेहऱ्यांची आयुष्यं दाखवली, दक्षिण गोलार्धात तर तो सुपरमॅनपेक्षा जास्त ओळखीचा. तरी परतायचं ते जॉन जोन्सकडे.

दूरदेशी, तुमच्यामुळे हे नावाचं सुचलं. ते नाव त्याने इथल्या लोकांसाठी सोपं केलं असं मी समजत होते. आता वाटतं, हाक ऐकल्यावर कानाला जुनी हाक लागावी म्हणून ते इतकं जवळचं ठेवलं असेल.

सांजवात

सुपरगर्ल मालिकेत डेव्हिड हेअरवूडने जॉन केलाय. तिथे तो हँक हेन्शॉ या मेला असं समजलेल्या माणसाचा चेहरा घेऊन वर्षानुवर्षं वावरतो, कारण त्याला वाचवताना जीव धोक्यात घालणाऱ्या जेरेमाया डॅन्व्हर्सला त्याने शब्द दिलेला असतो, तुझ्या मुलींकडे लक्ष ठेवीन म्हणून. दिलेला शब्द पाळायला दुसऱ्याचा चेहरा चढवणं, हे या धाग्यात यायला हवं होतं.

दुसऱ्या पर्वात त्याला गोऱ्या मंगळवासी मगानचं रक्त चढवलं जातं आणि ज्यांनी त्याचं कुटुंब संपवलं त्यांच्यासारखं त्याचं शरीर होऊ लागतं. एवढं होऊनही पुढे तो तिला माफ करतो.

पण मला लिहायचंय ते तिसऱ्या पर्वाबद्दल. त्याचे वडील जिवंत सापडतात, मिर्न. ही भूमिका कार्ल लंबली यांनी केलीय. रातवा, तुम्ही शाळेत असताना कार्टूनमधल्या जॉनचा जो खोल आवाज ऐकलात तो त्यांचाच. इतकी वर्षं जो मुलाचा आवाज होता तो बापाच्या रूपात समोर येतो. आणि मग वडिलांना विस्मरण जडतं. ज्या जमातीची सगळी भाषा, सगळं नातं मनात, तिचा शेवटचा म्हातारा मन हरवत चाललेला. जाण्याआधी ते आपल्या आठवणी मुलाच्या मनात उतरवून देतात.

माझी आजी शेवटची तीन वर्षं मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं आणि आत्या होऊनच तिच्याजवळ बसायला लागले. तिच्या माहेरच्या विहिरीची, करवंदांची, मेलेल्या धाकट्या भावाची गोष्ट ती आत्याला सांगायची, मला नाही. आत्या झाले म्हणून मला ती मिळाली. त्या वेळी मी कोण होते, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

कडुनिंब

सांजवात, माझं रिकाम्या भांड्याचं वाक्य मी मागे घेतो.

कोवळी उन्हं

जस्टिस लीगमधला तो नाताळचा भाग कुणाला आठवतो का? सगळे घरी जातात, जॉनला जायला घर नसतं, म्हणून क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, त्याला आपल्या आईवडिलांच्या शेतावर नेतो. गावात तो हिंडतो, लोकांच्या मनातलं ऐकत, आणि आधी त्याला त्या सणाचं काहीच कळत नाही.

रातवा

आठवतो! शेवटी तो खिडकीशी मांजर घेऊन बसतो आणि मंगळाच्या भाषेत गाणं म्हणतो, स्वतःशीच. क्लार्कचे आईवडील पलीकडून ऐकतात. त्यांना एक शब्द कळत नसतो, पण कुणी हलत नाही आणि कुणी त्याला थांबवत नाही. मी तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, कुठली भाषा गं ही?